एक सेंटिमीटरच्या जीवाश्मालाही जागा द्या

संपादक महोदय, स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत जीवाश्म म्हटलं की डायनासोर ठरलेला. पोरांना आवडतो, मान्य, पण जमिनीवर हवेत श्वास घेणाऱ्या पहिल्या प्राण्यांबद्दलही कधीतरी छापा ना.

स्कॉटलंडमधे स्टोनहेवन गावाजवळच्या किनाऱ्यावर माइक न्यूमन नावाच्या बस ड्रायव्हरला, हौसेने जीवाश्म शोधणारा माणूस, खडकात जेमतेम सेंटिमीटरभर तुकडा सापडला. 2004 मधे त्याचं शास्त्रीय वर्णन छापून आलं आणि नाव ठेवलं न्यूमोडेस्मस न्यूमनी, शोधणाऱ्याचंच नाव, हे मला फार आवडलं. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीवर चढणारा वाणी किडा असतो ना, त्याच्याच कुळातला. अख्खा प्राणी नाहीच, अंगाचे थोडे वळे आणि पाय, पण त्या वळ्यांच्या बाजूला बारीक श्वासरंध्रं दिसतात आणि सगळी किंमत त्या भोकांचीच आहे, कारण पाण्यात राहणाऱ्याला त्यांचा काही उपयोग नाही, म्हणजे हा हवाच घेत होता.

वयावरून मात्र बरीच ओढाताण झाली. आधी 42 कोटी 80 लाख वर्षं सांगितली, मग 2017 मधे तिथल्या खडकातल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांवरून 41 कोटी 40 लाख, पुढे त्या खडकातल्या वनस्पतींच्या बीजाणूंच्या अभ्यासाने वय परत आधीच्या, जास्त जुन्या आकड्याकडे नेलं. म्हणून "जगातला सर्वात जुना" असं नुसतं हेडिंग देऊ नका, वय कशावरून काढलं तेही दोन ओळीत सांगा, खरी मजा त्यातच आहे.

तिथनं फार लांब नाही ते राइनी गाव. 1912 मधे विल्यम मॅकी या डॉक्टरांना तिथले दगड मिळाले. गरम झऱ्यांच्या सिलिकात 40 कोटी वर्षांपूर्वीची झाडं आणि किडे जसेच्या तसे अडकलेत, दगडाची पातळ चकती मायक्रोस्कोपखाली धरली की कोळ्याच्या भाऊबंदाच्या पोटातली फुफ्फुसं, पानावर पान ठेवल्यासारखी, चक्क दिसतात!

आपला दख्खनचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा लाव्हा, त्यात इतकं जुनं काही मिळायचं नाही. पण वाणी तर दारात आहे, आणि लोक त्याच्यावर मीठ टाकतात. यंदा जूनमधे शाळेच्या पानावर त्याचा मोठा फोटो आणि शेजारी त्या स्कॉटलंडच्या तुकड्याचा फोटो छापा, श्वासरंध्रं कुठे बघायची ते बाण काढून दाखवा.

- एक नियमित वाचक, सातारा