सातव्या पायरीजवळचा खिळा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी मी फोनवर बातमी सांगितली तेव्हा बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि "आईशी बोल" एवढेच म्हणून त्यांनी फोन पुढे केला. त्या गप्प राहण्याचा अर्थ मला लहानपणापासून कळतो. रागावले असते तर ते बोलले असते. फोनवर मी सगळे घाईघाईने सांगून टाकले आणि जे आधी सांगायला हवे होते ते राहूनच गेले, म्हणून हे पत्र. निर्णय मात्र झालेला आहे. नेमणूकपत्रावर मी गुरुवारीच सही केली होती, म्हणजे तुम्हाला सांगण्याच्या तीन दिवस आधी, आणि त्याबद्दल मी सर्वप्रथम क्षमा मागते. आधी विचारले असते तर तुम्ही "नको" म्हणाला नसता. "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणाला असता, आणि ते ऐकल्यावर माझ्याने सही झाली नसती.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून मी नदीखोऱ्यांतील पुरांचा अभ्यास करणाऱ्या एका संशोधन गटात रुजू होत आहे. पाणी कुठवर येते, किती खोल चढते आणि किती दिवस राहते, याचे नकाशे तयार करण्याचे हे काम आहे. नेमणूक तीन वर्षांची आहे, पगार आताच्यापेक्षा कमी आहे, आणि आजवर मी चार तासांत घरी पोहोचत होते, तिथे आता रात्रभराचा प्रवास पडेल. हे शेवटचे लिहिताना हात अडखळला, कारण बाबांच्या छातीत दुखले त्या पहाटे मी चार तासांच्या अंतरावर असूनही वेळेवर पोहोचले नव्हते, हे मी विसरलेले नाही.

बाबा, माझे व्हिजिटिंग कार्ड तुम्ही चष्म्याच्या घरात जपून ठेवले आहे, हे मला ठाऊक आहे. बारावीनंतर मी भूगोल घेते म्हणाले तेव्हा "भूगोल शिकून पुढे करायचे काय?" असे तुम्ही विचारले होते, आणि 'पर्यावरण सल्लागार' असे छापलेले ते कार्ड हे त्या प्रश्नाचे उत्तर होते. ते उत्तर मी आता परत घेते आहे असे तुम्हाला वाटत असेल, म्हणून ती नोकरी का सोडली ते सांगते. कंपनीत काम कमी झाले आहे, असे मी तुम्हाला सांगितले होते. ते खरे नव्हते.

एखादा मोठा प्रकल्प उभा राहण्याआधी हवा, पाणी, जमीन आणि माणसे यांच्यावर त्याचा काय परिणाम होईल हे तपासायचे, ही पद्धत अमेरिकेच्या १९६९च्या कायद्यापासून सुरू झाली आणि पुढे जगभर पसरली. पर्यावरणशास्त्र शिकलेल्या कितीतरी मुलामुलींना पहिली नोकरी याच कामात मिळते. काम महत्त्वाचे आहे आणि ते मनापासून करणारी माणसे मी जवळून पाहिली आहेत. परंतु अहवाल तयार करणाऱ्याचे पैसे बहुधा प्रकल्पकर्ताच देतो, आणि सगळी अडचण तिथे सुरू होते. माझ्या शेवटच्या प्रकल्पात जागेची पाहणी ऐन उन्हाळ्यात झाली. जमीन कोरडी ठणठणीत होती, भेगा पडलेल्या होत्या. मी हाताने फिरवायच्या गिरमिटाने अर्ध्या मीटरवरची माती काढली आणि मातीच्या रंगांच्या तक्त्याशी ताडून पाहिली. ढेकूळ राखाडी होते आणि त्यात गंजासारखे नारिंगी ठिपके होते. जमीन बराच काळ पाण्याने भरून राहिली की मातीतल्या लोहाला प्राणवायू मिळत नाही आणि तिचा तांबूस रंग निघून जातो. पाणी उतरले की मुळांच्या वाटांनी हवा आत शिरते आणि तेवढ्याच जागी पुन्हा गंज धरतो. त्या ढेकळाचा अर्थ स्पष्ट होता, की या जागी दरवर्षी काही काळ पाणी साचून राहते. मी अहवालात तसे लिहिले. अंतिम प्रतीत ते वाक्य नव्हते. विचारले तर उत्तर मिळाले, की पाहणीच्या काळात पाणी दिसले नाही, मग लिहायचे कशाला? मी दोन वेळा लेखी आक्षेप नोंदवला आणि तिसऱ्या वेळी राजीनामा दिला. तुम्हाला हे सांगितले नाही, कारण बाबांचा रक्तदाब तेव्हा नुकताच ताब्यात आला होता.

आता तुम्ही विचाराल, की तीन वर्षांनंतर काय? रास्त प्रश्न आहे, आणि मी तो स्वतःला तुमच्याही आधी विचारला आहे. या क्षेत्रातल्या बऱ्याच जागा एखाद्या प्रकल्पाच्या निधीवर चालतात आणि निधी संपला की जागा संपते, हे मी लपवणार नाही. परंतु कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी १९६०च्या दशकात संगणकावर नकाशांचे थर एकमेकांवर ठेवून पाहण्याची जी पद्धत उभी केली, ती आज जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणून शहरांचे आराखडे करणाऱ्यांपासून पुराची जोखीम मोजणाऱ्या विमा कंपन्यांपर्यंत सगळे वापरतात. पाणीपुरवठा, शेती, पवनचक्क्यांच्या जागांची निवड, आपत्तीनंतरचे मदतकार्य, सगळीकडे नकाशा वाचू आणि करू शकणारे माणूस लागते. नुसते सॉफ्टवेअर येऊन मात्र भागत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. ज्याने माती हातात घेतलेली नाही, त्याचा नकाशा पडद्यावर सुंदर दिसतो आणि जागेवर चुकतो. आई, गेली दोन वर्षे मी रात्री जागते म्हणून तू रागावत होतीस ना, तेव्हा मी पायथनमध्ये प्रोग्राम लिहायला आणि उपग्रहांच्या प्रतिमा वाचायला शिकत होते. घाईत उडी मारलेली नाही, एवढाच विश्वास ठेव.

त्या प्रतिमांविषयी थोडे लिहू द्या, कारण माझे मन त्यांनीच वळवले. पहिला लँडसॅट उपग्रह १९७२ मध्ये अवकाशात गेला आणि २००८ पासून त्या मालिकेच्या सगळ्या प्रतिमा मोफत मिळू लागल्या. त्या संग्रहात मी एकदा आपला पूर शोधला. तो आठवडा काढून पाहिला, पुढचा-मागचा महिनाही पाहिला. सगळीकडे पांढरेशुभ्र ढग होते. साध्या प्रकाशावर चालणाऱ्या उपग्रहाला ढगांखालचे दिसत नाही, आणि मोठे पूर नेमके ढगांखालीच येतात. २०१४ मध्ये सेंटिनेल-१ सोडला गेला. तो रडारच्या लहरी पाठवतो आणि त्या ढगांतून आरपार जातात. संथ पाण्यावर पडलेली लहर दुसरीकडे परावर्तित होते, उपग्रहाकडे जवळजवळ काहीच परत येत नाही, म्हणून प्रतिमेत पाणी काळे दिसते. घरांच्या भिंतींवरून मात्र जोरदार प्रतिध्वनी येतो. अशी एक प्रतिमा मी पहिल्यांदा उघडली तेव्हा पडद्यावर काळा पसारा होता आणि त्यात पांढरे ठिपके विखुरलेले होते. प्रत्येक ठिपक्यात कुणीतरी माडीवर बसून पाणी उतरण्याची वाट पाहत असेल, हे मनात आले आणि मला पुढे काही सुचेना.

आपणही तसेच बसलो होतो. मी नऊ वर्षांची होते. आईच्या मांडीवर डोके ठेवून पडले होते आणि झोप लागल्याचे सोंग करत होते, कारण मी जागी आहे हे कळले असते तर तुम्ही दोघांनी बोलणे थांबवले असते. बाबा दर तासाला कंदील घेऊन जिन्यावर जात आणि वर येऊन फक्त आकडा सांगत: चार, पाच, सहा. "सात" म्हणाल्यानंतर ते पुन्हा गेले आणि वर येऊन पुन्हा "सात"च म्हणाले, तेव्हा आईने माझ्या केसांतून हात फिरवला. पाणी ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ उरली होती, आणि घर धुण्याआधी बाबांनी सगळ्यात आधी त्या रेघेवर खिळा ठोकला. भिंत खराब केली म्हणून आई, तू केवढी चिडली होतीस!

बाबा, तुम्ही त्या दिवशी जे केलेत, ते काम जगभरातले जलवैज्ञानिक पूर ओसरल्यावर गावोगाव फिरून करतात. सेंटिनेलसारखा उपग्रह ठरलेल्या दिवशीच वरून जातो, आणि पाण्याने कमाल पातळी गाठली तेव्हा तो बहुधा दुसरीकडेच असतो. म्हणून भिंतीवरच्या खुणा मोजाव्या लागतात आणि संगणकाने काढलेली पातळी त्यांच्याशी ताडून पाहावी लागते. अंटार्क्टिकावरच्या हॅली केंद्रात १९५०च्या दशकापासून ओझोनची मोजणी चालू होती. वर्षानुवर्षे काही विशेष न घडता आकडे लिहिले जात होते. १९८५ मध्ये त्याच आकड्यांतून ओझोनचा थर विरळ झाल्याचे जगाला कळले आणि दोनच वर्षांत तो थर वाचवण्यासाठी माँट्रियलचा करार झाला. अशा नोंदी ठेवणाऱ्या माणसांत मला बसायचे आहे, आणि नोंद करायला मी कुणाकडून शिकले हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

आई, आता तुझ्यासाठी. "पुराचे काम" ऐकून तुला झोप लागली नसेल. भर पुरात आम्ही जात नाही. पाणी ओसरल्यावर जातो, कधीही एकटे जात नाही, आणि नदीत मोजमाप घ्यायचे असेल तेव्हा लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत पाय ठेवू देत नाहीत. राहायला मिळालेली खोली पहिल्या मजल्यावर आहे, खिडकी पूर्वेला आहे, गरम पाण्याची सोय आहे, जेवण दोन्ही वेळा तिथेच मिळते आणि डॉक्टर चालत पाच मिनिटांवर आहेत. शेजारच्या खोलीत माझ्याच गटातली एक मुलगी राहते, तिचा नंबर दादाकडे दिला आहे. तू दिलेली गोधडी सोबत नेते आहे. वर्षाच्या रजा मी आधीच लिहून मागितल्या आहेत, आणि तुझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली की तीन आठवडे मी घरी असेन. हे मी रुजू होण्याआधीच कबूल करून घेतले आहे.

आता माझे ऐका, आणि यात सबबी नकोत. बाबांनी रक्तदाब रोज सकाळी ठरलेल्या वेळीच मोजावा. आधी पाच मिनिटे शांत बसायचे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीवर, आणि पट्टा फुगत असताना बोलायचे नाही. दोन वेळा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहायचे. जास्त आलेला आकडा गाळायचा नाही. गेल्या वेळी तुम्ही तो गाळला होता, मला वहीतल्या खाडाखोडीवरून कळले. गोळ्या बरे वाटते म्हणून स्वतःहून बंद करायच्या नाहीत. आईने माळ्यावर चढायचे नाही, न्हाणीघरात धरायला दांडा बसवायला मी दादाला सांगितले आहे, तो बसवू दे. आणि कुणालाही काही झाले तर "तिला कशाला उगीच काळजी" म्हणून चार दिवसांनी कळवू नका. दूर असल्याचा त्रास मी सोसेन; न कळण्याचा त्रास मला सोसवत नाही.

रागाने लिहिले असे वाटले तर ते तसे नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही "नको" म्हणण्याचा हक्क मी हिरावून घेतला, त्याची बोच मला राहील.

बाबा, एक काम आहे. मागच्या रंगकामाच्या वेळी रंगारी तो खिळा उपटणार होता आणि आईनेच त्याला हात लावू दिला नाही, असे वहिनी सांगत होती. त्याची उंची मला हवी आहे. खालच्या फरशीपासून खिळ्यापर्यंत, पोलादी टेपने, टेप अगदी उभी सरळ धरून. जिन्यावर दादाने चढायचे, आईने खाली खुर्चीवर बसून टेपचे टोक फरशीला टेकवायचे, तुम्ही वही घेऊन लिहायचे. तीन वेळा मोजा. आकडे थोडे वेगळे आले तरी चालतील, तिन्ही जसेच्या तसे पाठवा. सरासरी मी काढीन.

तुमची,
मनू