खिडकीत झेंडा नसला म्हणून

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. हे फोनवर घाईघाईत बोलण्यापेक्षा सावकाश लिहावं असं वाटलं. ३ ऑक्टोबरला, पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाल्याच्या एकीकरण दिनाची सुट्टी असूनही लाइपझिगमधल्या तुझ्या गल्लीत एकाही खिडकीत झेंडा दिसला नाही, वर्गातली मुलंही त्या दिवसाबद्दल फारसं बोलली नाहीत, म्हणून तू लिहिलंस की जर्मन लोकांना आपल्या देशाचं काही वाटतच नाही. त्यातच ऑस्लोच्या मैत्रिणीचं उदाहरण, की तिकडे १७ मेला अख्खं शहर झेंडे घेऊन रस्त्यावर असतं. मुक्ता, इतक्यात निकाल देऊ नकोस.

नॉर्वेचं आधी बघ. १७ मे १८१४ ला आइड्सव्होल इथे त्यांची राज्यघटना मंजूर झाली. डेन्मार्कपासून सुटलेला तो देश त्याच वर्षी स्वीडनच्या राजाखाली गेला आणि पूर्ण मोकळा व्हायला १९०५ उजाडलं. पुढे नाझींचा कब्जा असताना १७ मे साजरा करायलाच बंदी होती. त्यामुळे त्या झेंड्याला चिकटलेल्या आठवणी आहेत त्या सोसण्याच्या आणि सुटण्याच्या. राजवाड्यापुढून जातात ती शाळकरी मुलं, रणगाडे नाहीत. आपल्याला हे लगेच जवळचं वाटतं, कारण आपला तिरंगाही लढ्यातूनच आलेला. पण तिथेही सगळं निर्मळ नाही हं. उत्तरेकडच्या सामी या मूळनिवासी लोकांच्या मुलांची भाषा मोडून त्यांना नॉर्वेजियन करायचा उद्योग शाळांतून कित्येक दशकं चालला. १९९७ मध्ये राजा हाराल्ड यांनी सामी संसदेत त्याबद्दल माफी मागितली.

आता जर्मनी. काळा-लाल-सोनेरी झेंडा मुळात लोकशाही मागणाऱ्यांचा. १८३२ मध्ये हाम्बाखच्या किल्ल्यावर हजारो माणसं तो घेऊन चढली, ती एकसंध देश आणि वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य मागायला. १९१९ मध्ये वायमार प्रजासत्ताकाने, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन लोकशाहीने, तो स्वीकारला, १९३३ मध्ये नाझींनी उतरवला. राष्ट्रगीताचंही तसंच. १८४१ मध्ये ते लिहिलं गेलं तेव्हा विखुरलेल्या संस्थानांनी एक व्हावं, ही साधी आस त्यात होती. 'जर्मनी सगळ्यांच्या वर' हे त्याचं पहिलं कडवं नाझींनी गर्जून गर्जून असं विटाळलं, की आज फक्त तिसरं म्हणतात, एकता, न्याय आणि स्वातंत्र्याचं. देशाच्या नावाने साठ लाख ज्यूंना मारलं गेलं, त्या देशात देशाचा जयजयकार करताना घसा अडखळतो, आणि तो अडखळावा असंच मला वाटतं. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात घराघरावर आणि मोटारींवर झेंडे फडकले, तेव्हा हे बरं की वाईट यावर त्यांच्या वर्तमानपत्रांतून केवढी चर्चा झाली!

मग त्यांनी प्रेम करायचं कशावर? डोल्फ श्टेर्नबेर्गर या जर्मन विचारवंतांनी १९७९ मध्ये उत्तर दिलं की राज्यघटनेवर, आणि तत्त्वज्ञ हाबरमास यांनी ते पुढे नेलं. त्यांच्या घटनेचं पहिलं कलम माणसाच्या प्रतिष्ठेला कुणी हात लावू शकत नाही, असं सांगतं. शिवाय लाइपझिगच्या फुटपाथवर चालताना जरा खाली बघत जा. दगडांमध्ये बसवलेल्या, जेमतेम १० सेंटिमीटरच्या पितळी पाट्या दिसतील. 'इथे राहत होते', मग नाव, जन्मसाल, कधी पकडून नेलं, कुठे मारलं. वाचायला वाकावं लागतं. आपल्याच दारापुढे आपल्याच देशाचा गुन्हा कोरून ठेवायला माणसं तयार होतात, याला देशाचं काही वाटत नाही असं कसं म्हणायचं?

तरी त्यांना देव्हाऱ्यात बसवू नकोस. झेंड्याचा संकोच म्हणजे मनाचा मोठेपणा, असं गणित नाही. कामगार आणण्यासाठी तुर्कस्तानशी झालेल्या १९६१ च्या करारानंतर तुर्की कामगार तिथे गेले, त्यांची मुलं तिथेच जन्मली, शिकली, पण १९१३ चा कायदा रक्ताच्या नात्याने नागरिकत्व देणारा, म्हणून ती परकीच राहिली. जन्माच्या आधारावर नागरिकत्वाची वाट उघडली ती २००० मध्ये. याउलट अमेरिकेत शाळेत झेंड्यापुढे प्रतिज्ञा म्हणतात, आणि तिथे जन्मलेल्याला नागरिक मानायचं हे त्यांच्या घटनेत १८६८ पासून आहे. तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, निकाल दिला की झेंड्याला वंदन करायची सक्ती कोणत्याही मुलावर करता येणार नाही. हा निकाल मी दर वर्षी दहावीच्या वर्गात सांगते. झेंडे मोजून देश कळत नाही, हे मुलांना पटवायला याच्यासारखं उदाहरण नाही.

आणखी एक काळजी आहे. भल्या माणसांनी झेंडा हातातच घेतला नाही, तर तो दुसरे घेतात. २०१४ पासून तुझ्या शेजारच्या ड्रेस्डेनमध्ये स्थलांतरितांविरुद्ध आणि मुसलमानांविरुद्ध मोर्चे निघाले, तेव्हा त्यांच्या हातात हाच झेंडा होता, आणि तोंडी घोषणा कोणती, तर 'जनता म्हणजे आम्हीच', तुझ्या लाइपझिगची! ९ ऑक्टोबर १९८९ ला तिथे पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट सत्तेविरुद्ध सुमारे ७० हजार लोक पोलिसांच्या बंदुकांची भीती न बाळगता चालले होते, ते ही घोषणा देत. बर्लिनची भिंत पडली ती त्यानंतर महिनाभराने. हातोडा, कंपास आणि धान्याच्या ओंब्यांचं राजचिन्ह कात्रीने कापून काढलेले पूर्व जर्मनीचे झेंडे त्या काळात लोकांनी मिरवले. मधोमध भोक असलेला तो झेंडा मला पश्चिमेतल्या कुठल्याही झेंड्यापेक्षा जास्त हलवून जातो. सत्ता नाकारायची, पण देश सोडायचा नाही, हे त्या माणसांनी एका कात्रीने सांगितलं.

तुझ्या घरमालकीणबाई तेव्हा तिथेच होत्या, असं तू म्हणाली होतीस. एखाद्या संध्याकाळी चहाला बोलाव, चिवडा-लाडू दे, आणि विचार त्यांना: त्या चालल्या होत्या का, हातात काय होतं, आणि आता ३ ऑक्टोबरला खिडकी रिकामी का ठेवतात. पूर्वेतल्या पुष्कळांच्या नोकऱ्या एकीकरणानंतर गेल्या, तेव्हा उत्तर कडूही असेल. जे सांगतील ते मला सविस्तर लिही.

तुझी,
आई