आरोग्यमंत्री साहेब, शुगरच्या कार्डावर हिरड्यांचा एक रकाना टाका

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो. डॉक्टर नाही, डेंटिस्ट तर अजिबात नाही, पण काउंटरच्या मागं बसून जे दिसतं ते तुमच्या मीटिंगपर्यंत पोचत असेल असं वाटत नाही म्हणून लिहितोय. पन्नाशी-साठीतला माणूस शुगरच्या गोळ्या न्यायला येतो, पैसे देतो, पिशवी उचलतो आणि जाता जाता गालाला हात लावून म्हणतो, "ती दाढेची पण दोन द्या की." दाढेची म्हणजे डायक्लोफिनॅक नाहीतर ॲसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉल. चिठ्ठी आणा म्हणलं की समोरच्या दुकानात जातो, नाहीतर घरी जाऊन दाढेत तंबाखूची चिमूट धरतो, ठणका तेवढ्यापुरता बसतो, परत आठ दिवसांनी तेच. आता बघा, शुगर आहे, बीपीची टेल्मिसार्टन चालू आहे, त्यावर ही दुखण्याची गोळी महिनोन् महिने, मग क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) वाढलं की सगळे म्हणणार शुगरनं किडनी गेली. शुगरचा हात असतोच हो, पण त्या दाढेचं नाव कुठल्याच केसपेपरवर नसतं.

दुसरं खाण्याचं. आमच्याकडची कडक भाकरी तुम्हाला माहीतच असेल. दात हलायला लागले की पहिली ती सुटते, मग शेंगदाणे, मग काकडी-मुळा कच्चं जे काय असेल ते सगळंच. राहतं काय तर चहात बुडवलेली खारी, टोस्ट, बिस्कीट आणि मऊ भात. आणि डॉक्टर विचारतात पथ्य का पाळत नाही, भाकरी-भाजी खा म्हणलेलं ना. कशानं खाणार, ते कोण विचारत नाही.

शुगर आणि हिरड्या हे दोन्ही बाजूंनी चालतं हे आता जगभरचे डॉक्टर मानतात. शुगर जास्त असली की हिरड्यांचं इन्फेक्शन लवकर होतं आणि बरं व्हायला वेळ लागतो, उलट हिरड्यांत कायमचा पू-सूज असली की त्या सुजेनं इन्सुलिन नीट काम करत नाही आणि शुगर उतरत नाही. २०२२ मध्ये कोक्रेन या अभ्यास तपासणाऱ्या जागतिक संस्थेनं आधीच्या सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिलं, तर हिरड्यांखालची नीट सफाई केलेल्यांची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, तीन-चार महिन्यांत साधारण ०.४ टक्क्यानं (म्हणजे ८ ची ७.६) खाली आलेली. ऐकायला किरकोळ वाटतं, पण शुगरची एखादी जादाची गोळी चालू करून कधी कधी एवढाच फरक पडतो. हिरड्या खराब म्हणून हार्ट अटॅक येतोच असं जे व्हॉट्सॲपवर फिरतं ते मात्र मी कुणाला सांगत नाही, दोन्ही एकाच माणसात जास्त दिसतात हे खरं, पण एकामुळंच दुसरं होतं हे पक्कं झालेलं नाही.

हृदयाच्या व्हॉल्व्हचं (झडपेचं) वेगळं आहे, तिथं शंकाच नाही. लहानपणी रुमॅटिक फिव्हर होऊन व्हॉल्व्ह खराब झालेल्या माणसाच्या तोंडातले जिवाणू रक्तातून जाऊन त्या व्हॉल्व्हवर बसू शकतात आणि ते जिवावर बेततं. म्हणून तर व्हॉल्व्हच्या ऑपरेशनआधी मोठ्या हॉस्पिटलात डेंटल क्लिअरन्स, म्हणजे तोंडात इन्फेक्शन नाही असा डेंटिस्टचा दाखला, मागतात. आमच्याकडचे लोक इथंच गांगरतात, सगळे रिपोर्ट झालेले, पाहुण्याकडं राहायची सोय झालेली, आणि ऐनवेळी सांगतात आधी दात दाखवून या. म्हणजे तोंडाचा आणि हृदयाचा संबंध सरकारी यंत्रणेला कळतो, फक्त फार उशिरा कळतो. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत व्हॉल्व्ह बदलायचा खर्च बसतो, साधं फिलिंग किंवा रूट कॅनाल बसत नाही! हे गणित कुणी बसून मांडलंय का?

बायकांचं तर बोलायलाच नको. मिश्री. तव्यावर तंबाखू भाजायची, चुरायची आणि सकाळी उठल्या उठल्या हिरड्यांना चोळत बसायचं. त्यांच्या लेखी ते दात घासणंच आहे, व्यसन म्हणलं तर राग येतो. २०१६-१७ च्या तंबाखूवरच्या देशभरच्या सर्व्हेत महाराष्ट्रात २४.४ टक्के मोठी माणसं बिनधुराची तंबाखू वापरतात असं निघालं, म्हणजे जवळजवळ चारात एक. गरोदरपणातही मिश्री सुटत नाही. मुंबईतल्या बायकांवरचा एक अभ्यास २००४ साली छापून आला, त्यात गरोदरपणी असली तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी निघालं. बाळंतपणाच्या तपासणीला हिमोग्लोबिन बघतात, वजन करतात, बीपी घेतात, तोंड उघडा असं कोण म्हणतं? गुटखाबंदी २०१२ पासून आहे, त्यावर मी काय लिहू, पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, ते खातं तुमचं नाही हेही माहीत आहे.

तुमच्याकडं काहीच नाही असं माझं म्हणणं नाही. आशाताई घरोघरी जाऊन तिशीपुढच्यांचा जो सीबॅक फॉर्म भरतात त्यामध्ये तोंड उघडायला त्रास होतो का, जखम दोन आठवड्यांत भरली का असे प्रश्न आहेतच. पण ते कॅन्सरसाठी. शाळांत आरबीएसकेची, म्हणजे पोरांच्या सरकारी आरोग्य तपासणीची, टीम येते, किडलेले दात त्यांच्या यादीत आहेत, टीममध्ये डेंटिस्ट नाही. आयुष्मान आरोग्य मंदिराच्या १२ सेवांतसुद्धा तोंडाचं आरोग्य लिहिलेलं आहे. लिहिलेलं सगळं आहे. एका सरकारी दवाखान्यात खुर्ची आहे, डॉक्टर मॅडम आहेत, कॉम्प्रेसर बंद. मग काय, दाढ काढायची असेल तर काढू, बाकीचं बाहेर करा. गरीब माणूस काढूनच येतो. वाचवता आली असती ती पण.

आता मागणी. नवीन योजना नको, तिचं उद्घाटन होतं आणि पुढं काही होत नाही. शुगर-बीपीच्या पेशंटला एनसीडीचं (असंसर्गजन्य आजारांचं) जे कार्ड मिळतं त्यावर हिरड्यांचा एक रकाना टाका. नर्सनं टॉर्च मारून चार गोष्टी बघायच्या, रक्त येतं का, दात हलतो का, पू आहे का, पांढरा-लाल चट्टा आहे का. तोंडात कवळी असेल तर रात्री काढून ठेवता का एवढं विचारायचं. यातलं काही निघालं की डेंटिस्टकडं चिठ्ठी. आणि ती चिठ्ठी घेऊन माणूस पोचला की तिथं फक्त चिमटा नसावा, सफाई करायची सोय असावी, म्हणजे आधी त्या बंद पडलेल्या खुर्च्या चालू करा. मनुष्यबळ नाही म्हणाल तर डेंटल कॉलेजच्या इंटर्न पोरापोरींना गावाकडचं पोस्टिंग असतंच. ती कॉलेजं वैद्यकीय शिक्षण खात्याकडं येतात, तुमच्याकडं नाही, पण दोन्ही मंत्री एकाच कॅबिनेटमध्ये बसता, मधल्या चहाला बोलून घ्या.

२२ सप्टेंबर २०२५ पासून पेस्ट आणि ब्रशवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, चांगलं झालं, पण दाढ ठणकत असलेल्याला पेस्ट स्वस्त देऊन मी काय करू. आणि हो, डेंटिस्टचा दिवस ठरवलात तर आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवा, त्या दिवशी लोक तसेही तालुक्याला येतात, नाहीतर रोजगार बुडवून कोण येणार नाही.

आपला,
एक मेडिकल दुकानदार,
जि. सोलापूर