मनू, त्या दिवशी फोनवर राहून गेलेलं

प्रिय मनू,

परवा फोनवर तू विचारलंस की बाबा तुम्ही श्राद्ध का करता, खरंच पटतं का तुम्हाला, आणि मी काहीतरी पुटपुटून फोन आईकडे दिला. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसलोय.

तू देव-परलोक न मानणाऱ्या चार्वाकांचा श्लोक म्हणून दाखवलास ना, "मृतानामपि जन्तूनां श्राद्धं चेत्तृप्तिकारणम्", मेलेल्याचं पोट जर श्राद्धाने भरत असेल तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला बांधून द्यायची, घरीच जेवण वाढा की त्याच्या नावाने. त्याच्या पुढचाही एक आहे, तो मला जास्त लागतो. इथे दान केल्याने स्वर्गातले तृप्त होत असतील तर माडीवर बसलेल्या माणसाला खालूनच का नाही देत? यावर मला आजही उत्तर सापडलेलं नाही आणि उगाच शोधायचंही नाहीये. मला याचं फार कौतुक वाटतं की हे श्लोक टिकले ते विरोधकांमुळे, चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी सर्वदर्शनसंग्रह या ग्रंथात अगदी पहिलं प्रकरण चार्वाकांना दिलं. न पटणाऱ्या माणसाचं म्हणणंही नीट मांडायचं, ही पण आपलीच परंपरा आहे बाळा.

पण माझ्या मनात अडकलंय ते वेगळंच. मागच्या वर्षीची सर्वपित्री आठव. गुरुजींना त्या दिवशी दहा घरं, ते आले दीड वाजता. मग सगळं होऊन गच्चीवर वाडी ठेवली आणि कावळा येईना, नियम असा की वाडीला कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. आपल्या भांडीवाल्या मावशी सकाळी आठपासून मागच्या पायरीवर बसून होत्या, त्यांना शुगर आहे हे मला माहीत होतं, नीट माहीत होतं. पावणेतीनला त्यांना घेरी आली, हातातलं पातेलं खाली पडलं तो आवाज मी गच्चीवर ऐकला आणि तरी आधी आभाळाकडे बघितलं, कावळा दिसतो का म्हणून. हे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

तू उन्हाळ्यात विसरून गेलेलं ते प्लेटोचं पुस्तक मी वाचलं, त्यातला 'युथिफ्रो' हा संवाद, सॉक्रेटिस आणि युथिफ्रो नावाच्या माणसामधला. तुम्हाला कॉलेजात त्यातला सॉक्रेटिसचा प्रश्न शिकवतात, एखादी गोष्ट देवांना आवडते म्हणून पवित्र की पवित्र आहे म्हणून देवांना आवडते. प्रश्न मोठाच आहे, आणि विचारणारा माणूस स्वतः देवधर्माच्या आरोपावरून कोर्टाच्या दारात उभा आहे, इ.स.पू. 399, त्याच वर्षी त्याला विष प्यावं लागलं. पण मी अडकलो त्या खड्ड्यातल्या मजुरावर. नॅक्सॉसला शेतावर एका मजुराने दारूच्या नशेत घरच्या गुलामाला मारलं, तर युथिफ्रोच्या बापाने त्याला हातपाय बांधून खड्ड्यात टाकलं आणि आता काय करायचं हे धर्म जाणणाऱ्याला विचारायला माणूस अथेन्सला पाठवला. निरोप यायच्या आत तो मजूर भुकेने आणि थंडीने मेला. घरच्यांना राग कशाचा, तर मुलगा बापावर खटला भरतो हा अधर्म आहे याचा. मी ते पान तीनदा वाचलं ग. मलाही निरोपच हवा होता, फक्त कावळ्याकडून.

आणि एकनाथांची गोष्ट तर मी लहानपणापासून ऐकतोय. पैठणला श्राद्धाचा स्वयंपाक झालेला, त्याचा वास गावकुसाबाहेर ठेवलेल्या महार कुटुंबाला आला, लेकराने खायला मागितलं आणि नाथांनी आणि गिरिजाबाईंनी ब्राह्मणांसाठी केलेलं ते अन्न त्यांनाच बसवून वाढलं. ब्राह्मण रुसले, तर म्हणे पितर स्वतः येऊन जेवले. शेवटचं तू मानू नकोस, चालेल. पण नाथ देव मानणारे आणि चार्वाक न मानणारे, तरी त्या दिवशी पायरीवर दोघांनीही मावशींचंच ताट आधी वाढलं असतं असं मला वाटतं, आणि मी, जो धड मानतही नाही आणि सोडतही नाही, तो गच्चीवर उभा होतो.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की करतो कारण त्या दिवशी आजोबांचं नाव मोठ्याने घेतलं जातं आणि आजीला ते ऐकायचं असतं. पितर जेवतात का, मला नाही वाटत. तुला पटत नसेल तर तू पूजेला बसू नकोस, मी आजीशी बोलेन.

यंदा मावशींचं ताट अकरा वाजता वाढायचं ठरवलंय. आजीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली खीर आदल्या रात्रीच करून ठेवू, म्हणजे सकाळी वेळेत होईल. तू येणार असशील तर तिकीट लवकर काढ, गर्दी असते.

तुझा,
बाबा