गाडी नंतर, आधी पार्किंगमधलं सॉकेट

मुंबई

प्रिय सुहास,

तुझी यादी पाहिली. तीन गाड्या, त्यांचे रंग, सनरूफ, स्क्रीन किती इंचांची, सगळं आहे. रात्री गाडी कुठे लागणार आणि तिथे वीज कुठून येणार, हे मात्र कुठेच नाही. मुंबईत पहिली इलेक्ट्रिक गाडी अडते ती इथेच. म्हणून बुकिंगचे पैसे भरायच्या आधी हे पत्र वाच.

तुमच्या बिल्डिंगला मेकॅनिकल पार्किंग आहे. गाडी ठेवायचं लोखंडी ताट, म्हणजे पॅलेट, वर-खाली सरकतं, त्यामुळे तिथे कायमचा चार्जर सहसा बसवता येत नाही. शिवाय प्रत्येक पॅलेटची वजनाची मर्यादा ठरलेली असते. बॅटरीमुळे इलेक्ट्रिक गाडी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा दोन-तीनशे किलो जड असू शकते. मर्यादेचा आकडा सोसायटीकडून लेखी घे आणि गाडीच्या वजनाशी ताडून बघ. खाली स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांमधल्या साध्या पार्किंगमध्ये, जागा असलेल्या कुणाशी अदलाबदल जमली तर उत्तमच, पण ती कमिटीच्या ठरावात नोंदवून घे. तोंडी कबुली पुढची कमिटी मानेलच असं नाही.

मग सेक्रेटरींना अर्ज दे. सोबत केबलचा मार्ग दाखवणारा नकाशा आणि लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनचं पत्र जोड. स्वतःच्या वीजजोडणीवरून घरी गाडी चार्ज करायला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत मुभा आहे, त्याची प्रतही लाव. वीज फ्लॅटच्याच मीटरवरून घ्यायची की वेगळा ईव्ही मीटर, हे आधी ठरव. तुझं रोजचं ४५ किलोमीटर धरलं तर महिन्याला साधारण १००० किलोमीटर, म्हणजे भिंतीतून १७० च्या आसपास युनिट. ते घरच्या वापरावर चढले की तू ३०० युनिटांच्या वरच्या महाग स्लॅबमध्ये जाशील. ईव्ही मीटरचा दर असा स्लॅबने चढत नाही, त्याला स्थिर आकार मात्र वेगळा लागतो. मुलुंडला महावितरण आहे, त्यांच्याकडून दोन्हींचे चालू दर घेऊन कागदावर बेरीज कर. मंजूर भारही वाढवावा लागेल का, ते त्याच फेरीत विचार.

आता वायरिंग. ४५ किलोमीटरला बॅटरीतले ७ युनिट जातात. चार्जिंगमधली गळती धरून ८. साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर हे तीन तासांच्या आत भरतात. म्हणून ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा मोठा चार्जर, हवाच असा आग्रह धरू नकोस. गाडीच्या आतला ऑनबोर्ड चार्जर ३.३ किलोवॅटचाच असेल तर त्या बॉक्सचा उपयोगही नाही. मात्र सॉकेट घरगुती नको, निळं इंडस्ट्रियल घे. तासन्‌तास पूर्ण करंट वाहिला की साध्या सॉकेटच्या ढिल्या पकडीत उष्णता साठते आणि प्लास्टिक वितळतं. एक्स्टेंशन बोर्ड तर कधीच नाही. या लाइनला स्वतंत्र २० अँपिअरचा, ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारा आरसीबीओ बसव, म्हणजे जास्त करंट किंवा गळती झाली की आपोआप बंद होणारा ब्रेकर. केबल तांब्याची, किमान ४ स्क्वेअर एमएम. इलेक्ट्रिशियन सवयीने २.५ ची ओढेल, तिथे ऐकू नकोस. पुढेमागे ७.२ वर जायचं असेल तर आत्ताच १० ची टाक, मजुरी तेवढीच लागते. मीटर रूम ६० मीटर लांब असेल आणि ३२ अँपिअर ओढले, तर ६ च्या तारेत जवळजवळ १२ व्होल्ट पडतात, १० च्या तारेत ७.

आणि अर्थिंग. चार्जर लाल दिवा लावून बसतो त्याचं हे नेहमीचं कारण. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मल्टिमीटरने मोजून घे, तो दोन-चार व्होल्टच्या वर नको. चिपळूणच्या घरी तर हे आवर्जून बघ. जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही, अर्थिंग कमजोर पडतं आणि पावसाळ्यात बिनतक्रार चालणारा चार्जर मे महिन्यात नकार देतो. खड्ड्यात कोळसा-मीठ भरून पाणी घालत राहणं हा जुना उपाय अजूनही चालतो.

चिपळूणचाच हिशेब बॅटरीचा आकार ठरवेल. कंपनी सांगते त्या रेंजच्या ६५ ते ७० टक्के धरून चाल. हायवेला, एसी चालू ठेवून, ८०-९० च्या वेगाने युनिटला ६ ते ७ किलोमीटर मिळतात. चिपळूणपर्यंतच्या अडीचशे किलोमीटरला ३६ ते ४२ युनिट गेले, म्हणजे ४५ युनिटची बॅटरी पोचवेल पण जीव मुठीत धरून. वाटेत एक थांबा ठेवच. चार्जरवर ६० किलोवॅट लिहिलेलं असलं तरी पुष्कळ ठिकाणी त्याची दुसरी गन (चार्जिंगचा प्लग) दुसऱ्या गाडीला लागली की दोघांना तीस-तीस मिळतात. ८० टक्क्यांनंतर वेग उतरतो, तेव्हा शंभरची वाट बघत बसू नकोस. तीन-चार कंपन्यांची ॲप घरीच उघडून त्यात थोडे पैसे टाकून ठेव. घाटात नेटवर्क शोधत पेमेंट करणं फार त्रासाचं.

सेल्समनला बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) की एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट), हे विचार. एलएफपीचा व्होल्टेज बराच काळ एकाच पातळीवर राहतो, त्यामुळे किती चार्ज उरला याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकू लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा ती १०० पर्यंत भरतात. एनएमसी रोज ८० वरच थांबवावी.

विम्यात झिरो डेप्रिसिएशनबरोबर बॅटरीचं आणि चार्जरचं कव्हर आहे का, ते पॉलिसीत स्वतः वाच. बॅटरी पोटाखाली असते, एखादा उंच स्पीडब्रेकर तिला लागू शकतो. बॅटरीचं आयपी६७ हे पाणीरोधक मानांकन म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही स्थिर, स्वच्छ पाण्यातल्या चाचणीत. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात गाडी घालण्याचा तो परवाना नव्हे. पाणी शिरलंच तर चार्जिंगला लावू नकोस, चालूही करू नकोस, फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, चढवून ने. चाकं फिरवत ओढली तर मोटार वीज तयार करू लागते.

आयकराच्या कलम ८०ईईबी खाली गाडीच्या कर्जाच्या व्याजाची सवलत मिळेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती.

डिलिव्हरीच्या दिवशी पेढे नंतर वाट. आधी सोबत मिळालेल्या चार्जरने गाडी चार्ज होते का ते बघ, मग एखाद्या डीसी, म्हणजे बाहेरच्या जलद, चार्जरवर लावून बघ. स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट, हे विचार. १२ व्होल्टची छोटी बॅटरी कुठे आहे तेही दाखवून घे. ती बसली की मोठी भरलेली असूनही गाडी उघडत नाही.

मीटर रूमपासून तुमच्या स्टिल्टच्या खांबापर्यंतचं अंतर टेपने मोज, भिंतीवरून वळणारा मार्ग धरून, आणि कळव. केबल आणि ब्रेकरची यादी मी लिहून पाठवतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
अविनाश