चाव्या संघमालकांकडेच

अमेरिकेतील 'एनएफएल' या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा संघ नव्या शहरात आणण्यातील अडचणींवरचा लेख वाचला. त्यात सारा भर स्टेडियमच्या खर्चावर आहे. ते पटले नाही. स्थलांतराला ३२ पैकी २४ संघांची संमती लागते, आणि संघ मोजके राहिले की त्यांचा भाव चढा राहतो, हे मालक पुरते ओळखून आहेत. सेंट लुईसने नव्या स्टेडियमचा आराखडा पुढे केला होता. तरीही २०१६ मध्ये ३० विरुद्ध २ मतांनी तिथला 'रॅम्स' संघ लॉस एंजेलिसला गेला. पुढे लीगविरुद्धच्या दाव्यात सेंट लुईसच्या पदरात ७९ कोटी डॉलर पडले. संघ काही परतला नाही. आणि लॉस एंजेलिस तरी? एवढे महानगर, पण १९९५ पासून दोन दशके संघाविना होते. तिथे जाण्याची हूल देऊन इतर शहरांकडून नवी स्टेडियम पदरात पाडून घेणे मालकांना सोयीचेच होते.

– एक क्रीडाप्रेमी वाचक