शनिवारची प्रार्थना आणि रविवारच्या भेटी

प्रिय बंधुभगिनींनो, सप्रेम सलाम.

या रविवारी उपासनेनंतर आपण दोघा-दोघांनी शरणपूर, गंगापूर रोड आणि सातपूर भागातल्या ओळखीच्या घरी प्रभू येशूबद्दल सांगायला भेटीला जाणार आहोत. त्याआधी शनिवारी संध्याकाळी ६ वाजता मंडळीच्या हॉलमध्ये तासभर प्रार्थना आहे. जे शनिवारी येतील, त्यांनीच रविवारी जावे.

"मला बोलता येत नाही," असे अनेकांनी कळवले. येशूचा शिष्य पेत्र, त्याला तरी कुठे येत होते? अंगणातल्या एका दासीपुढे तो घाबरला आणि प्रभूला नाकारून बसला. तोच पेन्टेकॉस्टच्या सणाच्या दिवशी लोकांसमोर उभा राहिला आणि सुमारे ३००० जणांनी बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळात तो वक्तृत्व शिकला नव्हता. पवित्र आत्मा उतरला होता. बायबलमधले प्रेषितांची कृत्ये १:८ घरून वाचून या.

- वाद घालू नका. दुसऱ्याच्या देवाधर्माबद्दल वावगा शब्द नको.
- पैसे, नोकरी, आजार बरा होण्याची हमी, असे कोणतेही आमिष दाखवायचे नाही. हे अगदी सक्त.
- आपली साक्ष (प्रभूचा स्वतःला आलेला अनुभव) पाच मिनिटांत सांगा. (आपल्यापैकी काहींना हे जड जाईल, मलाही.)
- "नको" म्हटले तर चहा घेऊन, सलाम करून निघा.

नावे शुक्रवारपर्यंत माझ्याकडे द्यावीत. घरी असणाऱ्या आजी-आजोबांनी त्या वेळी प्रार्थनेत राहावे.

– सेक्रेटरी, मंडळी समिती, नाशिक